काठात शिवलेलं शिसं

मित्रांनो, या. पण एकेकाने या आणि चपला काढून या. रागावू नका हं, सवयच तशी पडली आहे. मी वजनकाटा आहे. दवाखान्यातला, लोखंडी, उभा, गोल तबकडी माणसाच्या तोंडासमोर येईल एवढा उंच. आता माझा रंग उडाला आहे, पाय ठेवायच्या फळीवरचं रबर फाटलं आहे आणि जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत माझे दिवस चालले आहेत. परवा एक शिपाई ‘हे धूड कधी हलणार’ म्हणत मला लाथ मारून गेला. मारू दे बापडा. माझी स्प्रिंग अजून ठणठणीत आहे. पण भंगारात जाण्याआधी एका डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगितल्याशिवाय मी काही हलायचा नाही.

मी ज्या कारखान्यात घडलो, तिथे एक म्हातारा कारागीर होता. तबकडीवरचे आकडे तो हाताने रंगवायचा आणि प्रत्येक काट्यावर आधी स्वतः उभा राहायचा. ‘माझं वजन वाढवून दाखवलंस तर परत भट्टीत घालीन,’ असा दम त्याने मला भरला होता. तेव्हापासून मी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही. जे माझ्यावर चढलं, ते मी दाखवलं. नव्यानवलाईत मी दवाखान्याच्या मोठ्या दालनात उभा होतो. तेव्हा काय माझा थाट होता! रोज सकाळी फडकं फिरायचं, शाळेतली मुलं रांगेने माझ्यावर चढायची, आणि आकडा वाढला की आया एकमेकींकडे बघून हसायच्या. मला वाटलं, जन्म असाच लाडात जाणार.

पण त्याच सुमारास एचआयव्हीचा आजार आला. एचआयव्ही हा एक विषाणू असतो. तो रक्तात शिरतो आणि रोगांशी लढणाऱ्या पेशीच संपवत जातो. मग साधा खोकलासुद्धा माणसाच्या जिवावर बेततो. मित्रांनो, हात लावल्याने किंवा एका काट्यावर उभं राहिल्याने तो आजार होत नाही. हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होतं. पण एकदा असा एक रोगी चुकून माझ्यावर उभा राहिला आणि झालं, मी बाटलो! बाकीचे माझ्याकडे फिरकेनात. मला फिनेलने खसाखसा धुतलं, आणि तरीही कुणाचं समाधान होईना, तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला, धुणीघराशेजारी त्या रोग्यांसाठी जो नवा विभाग काढला होता, तिथे ढकलून दिलं. परत मोठ्या दालनात मला कुणी नेलं नाही.

त्याच आठवड्यात बाई आल्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आवाजाने खणखणीत. हवा तो विभाग मिळाला असता त्यांना, एवढ्या हुशार. पण त्यांनी हाच मागून घेतला. आल्या आल्या माझ्या तबकडीवरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाल्या, “तुलाही हाकललं का रे इकडे? चल, आपलं दोघांचं जमेल.” घरी त्यांच्यासाठी वेगळा पेला काढून ठेवला होता, असं त्यांनीच एकदा हसत हसत सिस्टरना सांगितलं. हसत सांगितलं, पण नंतर बराच वेळ त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

बाईंची एक पद्धत होती. वजन घ्यायचं काम त्या सिस्टरवर टाकायच्या नाहीत. रोग्याच्या कोपराला हात देऊन त्याला स्वतः माझ्यावर चढवायच्या. हातमोजे नाहीत, काही नाही, उघडा हात. कित्येकांना तेवढ्यानेच रडू फुटायचं. आकडा वाढलेला दिसला की माझ्या तबकडीवर तळहाताने थाप मारून त्या ओरडायच्या, “शाब्बास! अंगाला लागलं बघा!” सगळ्या व्हरांड्यात ती थाप घुमायची आणि बाकावर बसलेली माणसं माना उंच करून बघायची. आकडा घटला तर मात्र बाई काही बोलायच्या नाहीत. चष्मा सारखा करायच्या आणि म्हणायच्या, “बरं. पुढच्या वेळी बघू.” ही पद्धत नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ तिच्यातूनच झाला.

पहिली काही वर्षं तर औषधच नव्हतं. खोकल्याचं होतं, तापाचं होतं, मूळ रोगाचं नव्हतं. ती वर्षं मी कशी काढली, ते माझं मला माहीत. धडधाकट माणूस चढायचा, मग तोच पोकळ होऊन चढायचा, मग दोघांनी धरून चढवावा लागायचा, आणि मग यायचाच नाही. पायांवरून मी माणसं ओळखायचो. एखाद्या दिवशी ओळखीची पावलं आली नाहीत की सिस्टर हळूच त्याचा कागद कपाटाच्या खालच्या खणात सरकवायच्या. तो खण भरत चालला होता.

मग एक गोळी आली. ती खरंच लागू पडते का, किती पडते, कुणाला पडते, हे शोधायचं काम बाईंनी अंगावर घेतलं. यालाच संशोधन म्हणतात, मित्रांनो. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात बरंचसं काम वाट बघण्याचंच असतं. गोळ्या द्यायच्या, वजन करायचं, रक्त काढून लांबच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि बसायचं. रक्ताचं उत्तर यायला महिना लोटायचा. मी मात्र उत्तर तिथल्या तिथे द्यायचो. म्हणून नियम ठरला होता, की ज्याचं वजन लागोपाठ दोनदा घटेल, त्याची गोळी बंद. गोळी हरली असं समजायचं, आणि त्या माणसाला मागच्या खोलीत हलवायचं. मागच्या खोलीत पलंग होते, शांतता होती, आणि दुसरं काहीच नव्हतं.

एक टपालवाला होता. भारी गमत्या. “बाई, आता मला पाकिटात घालून पाठवा, एका तिकिटात पोचेन,” असं म्हणून तो सगळा बाक हसवायचा. त्याचं वजन दोनदा घटलं. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सिस्टर त्याला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. जाताना तो बाकावरच्यांना म्हणाला, “पत्ता बदललाय हो, नोंद घ्या.” त्यावर कुणीच हसलं नाही. थोड्याच दिवसांत त्याची खाकी पिशवी घेऊन त्याची बायको व्हरांड्यातून एकटी बाहेर गेली. बाकावरच्या प्रत्येकाने ती पिशवी बघितली. नियम म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि ते कुणीही विसरलं नाही.

टाकेवाली त्या बाकावर होती. मोठमोठ्या घरांचे पडदे शिवायची ती. नवरा याच आजाराने गेलेला, आजार हिलाही, आणि लेकीलाही. लेकीला सगळे पिटू म्हणायचे. पिटू माझ्यावर चढली की टाचा उंचावून तबकडीत आपलं तोंड बघायची आणि वेडावून दाखवायची. मला पोर फार आवडायची, खोटं कशाला बोलू! बाईंचाही तिच्यावर जीव जडला होता. “अगं टाकेवाली, हिचं नाक तुझं आणि जीभ कुणाची गं?” असं त्या विचारायच्या. टाकेवाली म्हणायची, “जीभ तुमच्याकडूनच उचलली, बाई.”

तोवर औषधं बदलली होती. एक गोळी पुरी पडत नाही, विषाणू तिला चकवतो, हे ध्यानात आलं होतं. बाईंनी दोन गोळ्यांची एक जोडी घेऊन नवा अभ्यास सुरू केला. आणि या वेळी त्यांच्या कपाटात आणखी एक, दुसरी जोडी होती. पहिली जोडी ज्याला लागू पडणार नाही, त्याला ताबडतोब दुसरी द्यायची. बाईंनी सगळ्यांना बाकासमोर उभं राहून हे समजावलं. “आता वजन घटलं तरी घाबरायचं नाही. मागच्या खोलीत नेऊ, पण दुसऱ्या औषधासाठी नेऊ. समजलं ना?” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई समाधानाने आत गेल्या. माणसं मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मागच्या खोलीतून परत आलेला माणूस त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता. सांगितलेलं आणि पाहिलेलं यात माणूस कशावर विश्वास ठेवील, तुम्हीच सांगा.

टाकेवालीचं वजन पहिल्यांदा घटलं तेव्हा बाई म्हणाल्या, “बरं. पुढच्या वेळी बघू.” उतरताना तिने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. पुढच्या वेळी ती आली ती घेरदार झगा घालून. माझ्यावर चढली आणि मी चकित झालो. आकडा वाढला होता! पण भार पायांवर नीट पडत नव्हता; खालून, कडेकडेने लोंबत होता. बाईंना कुठून दिसणार? त्यांनी थाप मारली. “शाब्बास! अंगाला लागलं!”

ते काय होतं, सांगतो. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या काठात शिशाच्या चपट्या चकत्या शिवतात. शिसं भलतं जड असतं. टाकेवालीने त्या चकत्या चिंधीत गुंडाळून झग्याच्या काठात आणि कमरपट्ट्यात अशा शिवल्या होत्या की आवाज नाही, फुगवटा नाही. ही विद्या तिने स्वतःपुरती ठेवली नाही. धुणीघराच्या भिंतीआड बसून एकीचा झगा, दुसऱ्याची विजार, तिसऱ्याचा कोट असे ती शिवत गेली. आणि ज्या दिवशी पिटूचं वजन घटलं, त्या दिवशी तिने पिटूच्या फ्रॉकलाही तोच काठ लावला.

मी काय करणार होतो? मला दाखवता येतं, बोलता येत नाही. माझ्यावर माणूस किती आणि शिसं किती, हे तबकडीवर वेगळं उमटत नाही. रोज थापा पडत होत्या, रोज शाब्बासक्या, आणि माझ्या फळीवरची पावलं दिवसेंदिवस हाडकुळी होत होती. बाईंच्या आनंदाला तर पारावार नव्हता. इतकी वर्षं नुसती माणसं जाताना बघितलेली बाई ती! त्या गुणगुणायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, “बाई, तुम्हाला गाता येतं?” बाई म्हणाल्या, “नाही येत. ऐका गुमान.” आणि रोगीसुद्धा त्यांना असं बघून सुखावायचे. मला वाटतं, निम्मं शिसं भीतीपोटी होतं आणि निम्मं त्या थापेसाठी.

रक्ताची उत्तरं यायला लागली ती मात्र उलटी. वजन वाढतंय आणि पेशी घटताहेत, असं कसं होईल? सिस्टरनी विचारलं, “बाई, काटा तपासून घ्यायचा का?” बाई स्वतः माझ्यावर उभ्या राहिल्या, आकडा बघितला, म्हणाल्या, “काटा चोख आहे. रक्त उन्हातान्हात लांब जातं, वाटेत बिघडत असणार.” मित्रांनो, बाई मूर्ख नव्हत्या. पण त्यांना हे औषध लागू पडायला हवं होतं. फार हवं होतं. ज्याला एखादी गोष्ट इतकी हवी असते, तो तिच्या बाजूचाच साक्षीदार खरा मानतो. बाई डॉक्टरांच्या एका मोठ्या परिषदेला गेल्या, तिथे पहिल्या जोडीचे गुण सांगून आल्या. टाळ्या पडल्या. दवाखान्याचे मोठे साहेब, जे कधी आमच्या टोकाला फिरकत नसत, ते स्वतः येऊन बाईंचा हात हातात घेऊन गेले. इतर दवाखान्यांनीही तीच जोडी द्यायला सुरुवात केली.

आणि मग हमालदादा परत आला.

हा बाजारात पोती उचलणारा माणूस, नवीनच आलेला. बाकावरच्यांची त्याच्याशी अजून ओळख नव्हती, म्हणून त्याच्या कपड्यांत शिसं नव्हतं. त्याचं वजन दोनदा घटलं आणि त्याला मागच्या खोलीत हलवलं. सगळ्यांनी मनातून त्याला निरोपही देऊन टाकला होता. तो एके सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आला आणि माझ्यावर उभा राहिला. पावलं रुंद, तळवे ऊबदार, भार बरोबर मधोमध. किती दिवसांनी खरं माणूस माझ्यावर चढलं होतं! बाईंनी जोरात थाप मारली.

टाकेवाली बाकावरून उठली. तिने सरळ हमालदादाच्या कमरेला हात घातला आणि चाचपलं. तो दचकलाच.

“अहो वहिनी, हे काय?”

“दादा, काही बांधलं नाही ना? खरं सांगा, माझी शपथ आहे.”

“काय बांधायचं? बाईंनी दुसरं औषध दिलं, आठवडाभर ओकलो, आणि मग जी भूक लागलीय म्हणता!”

टाकेवाली पांढरीफटक पडली. म्हणजे बाई बोलल्या होत्या ते खरं होतं. मागच्या खोलीत औषध होतं. इतके महिने होतं. तिने पिटूचं बखोट धरलं, पोरीला माझ्यावर उभी केली, खिशातली कातर काढली आणि फ्रॉकचा काठ एका दमात उसवला. चकत्या माझ्या फळीवर पडल्या आणि तिथून जमिनीवर घरंगळत गेल्या. एकेक चकती खाली गेली तसा माझा काटा मागे आला. मागे आला, आणखी मागे आला. पिटू बिचारी हात पसरून, तोंडाचा आ करून उभी होती. तिला वाटलं, आपण काहीतरी मोडलं.

“आता बघा हिचं वजन, बाई,” टाकेवाली म्हणाली. “हे खरं आहे. हिला मागच्या खोलीत न्या. आत्ता न्या.”

बाई तबकडीकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी एक चकती उचलली, तळहातावर ठेवली, तोलली. काही क्षण त्यांना कळलंच नाही, आणि मग कळलं. फक्त पिटूचं नाही, सगळंच कळलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांचा चेहरा असा झालेला कधी पाहिला नव्हता.

टाकेवालीने मग स्वतःचा झगाही उसवला, कमरपट्टा सोडून टाकला आणि भिंतीला धरून माझ्यावर चढली. माझ्यावर जणू नुसते कपडे ठेवले होते. तिने आकडा बघितला, बाईंकडे बघितलं आणि थोडीशी हसली. “आज शाब्बास नाही म्हणणार, बाई?”

बाईंनी तिच्या कोपराला हात देऊन तिला खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना दवाखान्याचा पातळ अंगरखा घालायला दिला आणि एकेकाला माझ्यावर उभं केलं. त्या सकाळी थाप पडली नाही. माणसं खाली मान घालून चढत होती आणि खाली मान घालून उतरत होती. एकजण म्हणाला, “बाई, तुम्ही खूश व्हायचात हो.” ते ऐकून बाई आत निघून गेल्या, तोंडावर पाणी मारून परत आल्या आणि पुढच्याच्या कोपराला हात दिला.

मोठे साहेब धावत आले. “गप्प राहा,” ते म्हणाले. “काही जणांच्या कपड्यांत शिसं निघालं म्हणून सगळ्या अभ्यासावर पाणी सोडायचं? तुमचं नाव मातीत जाईल.”

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “माझं ऐकून कुठे कुठे हेच औषध देताहेत. तिथेही माणसं अशीच वाळत असतील, साहेब. माझं नाव काय चाटायचंय?”

जिथे टाळ्या घेतल्या होत्या, तिथेच जाऊन त्यांनी चूक सांगितली. साहेब म्हणाले तसंच झालं. लोक हसले, कुणी छापून टीका केली, बढती गेली ती गेलीच. ‘शिसेवाली डॉक्टर’ असं त्यांना पाठीमागे म्हणायचे. पण कपाटातली दुसरी जोडी त्या दिवसापासून सगळ्यांना मिळाली. काहीजण सावरले. बरेचसे सावरले नाहीत, कारण शिशाने त्यांचे नेमके तेच महिने खाल्ले होते ज्या महिन्यांत औषध उपयोगी पडलं असतं. कपाटाचा खालचा खण पुन्हा भरला.

टाकेवाली मागच्या खोलीत खिडकीशी होती. दुसरं औषध तिच्या पोटात टिकेना. तिने आपलं हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन मागवून घेतलं आणि अंगात त्राण होतं तेवढ्या दिवसांत पिटूसाठी फ्रॉक शिवले. एकेकाच्या काठाला भरपूर कापड आत दुमडून ठेवलं. “पोर वाढेल तसा एकेक पदर उसवायचा,” तिने आपल्या बहिणीला, म्हणजे पिटूच्या मावशीला, समजावून सांगितलं. बाई रोज तिच्याजवळ बसायच्या. एकदा बाई म्हणाल्या, “मला आधी का नाही गं सांगितलंस?” टाकेवाली म्हणाली, “वजन घटलं की तुमचं तोंड उतरायचं. आम्हाला ते बघवायचं नाही.” चारच दिवसांनी तिचं मशीन मावशी घरी घेऊन गेली.

त्यानंतर बाईंची पद्धत बदलली. रोगी यायच्या आधी त्या स्वतः खिसे रिकामे करून माझ्यावर चढायच्या, सगळ्यांदेखत. मग विचारायच्या, “आज खरं काय आहे? गोळी चुकली? उलटी झाली? भीती वाटते?” ज्याने खरं सांगितलं, त्याच्यासाठी थाप पडायची. आकडा घटलेला असला तरी पडायची. “शाब्बास! खरं सांगितलंस!” नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. पण हळूहळू माणसं बोलायला लागली, आणि बाईंच्या पुढच्या अभ्यासांतले आकडे कुणाला खोडून काढता आले नाहीत. त्यांना टाळ्या मात्र पुन्हा मिळाल्या नाहीत. त्यांनी मागितल्याही नाहीत. पिटूच्या फ्रॉकमधल्या त्या शिशाच्या चकत्या एका चिंधीत बांधून त्यांनी टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या. कधी एकट्या असल्या की ती पुरचुंडी हातात घेऊन बसायच्या, आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

पिटू जगली. फ्रॉकचा काठ एकदा उसवला, दुसऱ्यांदा उसवला, तिसऱ्यांदा कापड संपलं. तोवर गोळ्या आणखी चांगल्या निघाल्या. रोज घ्याव्या लागतात, पण माणूस म्हातारा होऊ शकतो. पिटूने आईच्या मशीनवरच शिवणकाम धरलं. बाई निवृत्त झाल्या. आकडे लाल दिव्यात दाखवणारा एक नवा काटा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. कुणी पुसेना, कुणी चढेना. एकदा तर माझ्यावर कुंडी ठेवली होती. कुंडीचंही वजन मी बरोबर दाखवलं, पण बघतो कोण?

या हिवाळ्यात मात्र कुणीतरी आलं. नवा काटा बंद पडला होता, म्हणून सिस्टरनी दोघींना जिन्याखाली धाडलं होतं. एक तरणीताठी बाई होती आणि दुसरी तिच्या आधाराने चालणारी, लांब कोट घातलेली म्हातारी. म्हातारीने रुमाल काढून माझी तबकडी पुसली आणि मी ओळखलं. बाईच होत्या. त्यांच्या पोटात गाठ झाली होती, औषध चालू होतं, आणि पिटू त्यांना दर खेपेला वजनाला घेऊन येत होती.

बाई माझ्यावर चढल्या. आकडा चांगला आला. “बघ, वाढलंय,” त्या म्हणाल्या. “आता तू तुझ्या कामाला लाग. उगाच माझ्यापायी दुकान बंद ठेवतेस.”

पण मित्रांनो, भार पायांवर पडत नव्हता. कडेने लोंबत होता. मी ते ओझं ओळखलं.

पिटू आकड्याकडे बघत नव्हती, कोटाकडे बघत होती. “हा कोट मी शिवलाय, बाई,” ती म्हणाली. “तो असा पडत नाही.”

बाईंनी खिशात हात घातला आणि चिंधीतली पुरचुंडी बाहेर काढली. तीच ती. पिटूच्या तळहातावर ठेवली. माझा काटा मागे आला, आणखी मागे आला, आणि जिथे थांबला तो आकडा मी खूप वर्षांपूर्वी, टाकेवालीने आपला झगा उसवला तेव्हा पाहिला होता.

“तू घाबरशील म्हणून गं,” बाई म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज कुठच्या कुठे गेला होता. “तुझ्या आईवर मी मनातून किती वर्षं रागावले होते. आज स्वतः करून बघितलं तेव्हा कळलं तिला काय वाटत होतं.”

पिटूचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. बाईंच्या कोपराला हात दिला, उघडा हात. आणि दुसऱ्या हाताने माझ्या तबकडीवर थाप मारली, एवढी जोरात की शेजारच्या खुर्च्यांवरची धूळ उडाली.

“शाब्बास, बाई!”

मग दोघीही माझ्याच फळीशी, जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. बाई त्यानंतर परत आल्या नाहीत. पिटू अजून गोळ्या न्यायला येते. जाता जाता माझी तबकडी पुसते, पण चढत नाही.

मित्रांनो, मला भंगारात घालायचं तर घाला, माझी काही तक्रार नाही. पण उद्या तुम्ही कुणाचे डॉक्टर व्हाल, कुणाचे शिक्षक व्हाल, कुणाचे आईबाप व्हाल. कुणीतरी तुमच्यासमोर येऊन उभं राहील आणि आकड्याआधी तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा वाईट आकड्याला तोंड उतरवू नका. त्याने तो तुम्हाला दाखवला, एवढ्याचंच कौतुक करा. नाहीतर तो घरी जाईल आणि सुई-दोरा हातात घेईल.

चला, उतरा आता. सावकाश उतरा, फळी निसरडी आहे.